तोरणांची अष्टपुत्री

लोक बेळगावास जातात ते हवापालटासाठी, नाहीतर तिथल्या लोण्यासाठी. मी गेलो एका पिवळ्या लुगड्यासाठी. परत आल्यापासून दवाखान्यात येणारा जो तो आधी त्या प्रवासाचे विचारतो आणि मग आपल्या पोटदुखीचे सांगतो. तीच हकीकत सांगून सांगून माझा घसा बसला. ज्येष्ठमध तरी किती चघळायचा? म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी कारण सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला दोन मुली, गोदू आणि यमू. मेहुणे लवकर गेले, त्यामुळे मामाने जे करायचे ते आणि त्याहून थोडे जास्त माझ्या वाट्याला आले. बोहल्यावर चढताना मुलीने मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसायची, ही आमच्याकडची रीत. गोदूच्या लग्नात मी अष्टपुत्री पेठेतून घेतली. दुकानदाराने देवाची शपथ घेऊन सांगितले, हा पक्का रंग आहे, हळदीचा नव्हे. पंगत उठली, विडे वाटले गेले आणि कोणाच्या तरी पानातला चुना गोदूच्या पदरावर सांडला. बघता बघता पदरावर लालभडक डाग उमटले.

हळदीला चुना लागला की लाल होते, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? घरोघरी कुंकू तसेच तर करतात. पण अपशकुनापुढे शहाणपण चालत नाही. गोदूच्या सासूबाई पदराकडे पाहून म्हणाल्या, "नव्या नवरीच्या अंगावर रक्त!" तेव्हापासून त्या घरात म्हैस आटली तरी गोदूचा पदर निघतो आणि पावसात भिंत खचली तरी गोदूचा पदर निघतो. पोर माहेरी येते तेव्हा याबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणूनच मला ते जास्त लागते.

आता यमूचे लग्न मार्गशीर्षात ठरले. लढाई सुरू झाल्यापासून जर्मन रंगाचे डबे बाजारातून नाहीसे झालेले. पिवळे म्हणून जे मिळे ते सगळे हळदीचे. ताई म्हणाली, "तात्या, पोरीला पांढऱ्या लुगड्यावर उभी करीन, पण हळदीचं नको." मी वळकटी बांधली.

निपाणी

मिरजेहून आगगाडीने सरळ बेळगाव गाठता आले असते. पण माझा मावसभाऊ दत्तू निपाणीला तंबाखूच्या वखारीवर असतो आणि शहापूरच्या विणकरांशी त्याची ओळख. म्हणून कोल्हापुराहून निपाणीचा रस्ता धरला.

आपण निपाणीत शिरण्याआधी निपाणी आपल्या नाकात शिरते. वेशीपासून मी शिंकायला लागलो तो दत्तूच्या ओसरीवर बसेपर्यंत शिंकतच होतो. दत्तू तिथेच मुरलेला, बोलणेही तिथलेच झालेले. म्हणाला, "लई शिंकतोस रं तात्या! जगाला औषध देतोस आन् तुझ्याकडं एक पुडी न्हाय व्हय?" मी म्हटले, "निपाणी सोडणे हेच याचे औषध." वहिनींनी गरम भाकरी, कारळ्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा वाढला, तेव्हा मात्र निपाणी सोडायचे औषध मी एक दिवस लांबणीवर टाकले. आमच्याकडे चटणी तोंडी लावायला असते. इथे चटणीला भाकरी तोंडी लावतात.

दत्तूने शहापूरच्या परशाअण्णा विणकराचे नाव सांगितले. "त्याची आई, नागूआक्का, जुन्या काळात रंग करायची. डब्यातला रंग आला आन् तिला कुणी इचारीना झालं. आता डबा गेला. जाऊन बघ."

निपाणीहून पुढचा रस्ता असा, की वैद्याने गाडीत बसूच नये, चालतच जावे. कार्तिकातले ऊन, आणि नजर जाईल तिकडे पिवळे. माळावर तरवड फुललेला. त्याची फुले सावलीत वाळवून मी मधुमेहाच्या रोग्यांना काढ्यासाठी देतो आणि चांभार त्याच्या सालीने कातडी कमावतो, म्हणजे एका झाडावर आम्हा दोघांची पोटे चालतात. पुढे कारळ्याची शेते लागली. आदल्या दिवशीच्या चटणीची ओळख पटून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. एका देवळापाशी पिवळी कण्हेर होती. गाडीवानाने तिचे फूल तोडून कानावर ठेवले आणि बी उचलून दाताखाली धरणार, तेवढ्यात मी त्याच्या हातावर फटका मारला. तो रागावला. ते बी पोटात गेले तर काळीज बंद पडते, असे सांगितल्यावर त्याने कानावरचे फूलही फेकले आणि पुढचा सगळा रस्ता माझ्याशी फार अदबीने वागला.

शहापूर

बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला चिकटून असलेले शहापूर सांगलीकर संस्थानिकांचे. नवख्याला हद्द कुठे संपली हे कळत नाही, पण कानाला कळते. मागांचा खटक-खटक आवाज सुरू झाला की शहापूर आले म्हणायचे. परशाअण्णाच्या दारात उभा राहिलो तो आतून "बर्री, बर्री" अशी हाक आली. म्हणजे कानडीत 'या, या'. पुढचे सगळे बोलणे मराठीत झाले. या गावात माणूस एका भाषेत बोलावतो, दुसरीत जेवू घालतो आणि भांडण निघाले तर दोन्ही वापरतो.

नागूआक्का म्हणजे वाळलेल्या खारकेएवढी म्हातारी. गुडघे धरलेले, पण आवाज खणखणीत. मी गोदूच्या पदराची सगळी गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली. शेवटी विचारले, "त्या पोरीला आजून बोलत्यात?"

"हो, अजून."

"मग झेंडू," ती म्हणाली. "हळद उनाला उडती, चुन्याला उलटती. झेंडू सुताला धरला की धरला."

मी करडईच्या फुलांचे नाव काढले. "करडीचा पिवळा पयल्याच पान्याला पळतोय. आत तांबडा आसतोय, त्यो ऱ्हातोय. तुमाला तांबडंच नको हाय न्हवं?" हे ऐकून मला बरे वाटले. मी रोग्याशी असाच बोलतो.

तिची रीत अशी. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवायचे, मग तुरटीच्या पाण्यात. झेंडूच्या पाकळीतले पिवळे द्रव्य उकळत्या पाण्यात सुटते, पण ते सुताला नुसते चिकटत नाही. हिरडा आणि तुरटी मध्ये उभे राहून दोघांची गाठ मारतात. भटजी आणि मामा मध्ये उभे राहतात तसेच हे, असे मी म्हटल्यावर आक्का पहिल्यांदा हसली.

सूत मुरवून झाले. पण फुले? दसरा-दिवाळीत बाजारातला झेंडू संपलेला. परशाअण्णा म्हणाला, "येळ्ळूरला भरमूआप्पाच्या मळ्यात आसंल. उसाच्या बांधाला लावतोय त्यो."

येळ्ळूर

आक्काच्या गुडघ्यांना तेवढी वाट झेपणारी नव्हती. परशाअण्णा आणि मी सुताच्या लडी घेऊन निघालो. भरमूआप्पा म्हणजे सहा फुटी, मिशाळ आणि हळवा गडी. लग्नातल्या लुगड्यासाठी फुले हवीत, असे ऐकताच त्याने घरातल्या सगळ्यांना बांधावर उतरवले. मळ्यात उरलासुरला झेंडू होता तो सगळा खुडून आमच्यापुढे ढीग घातला. किंमत विचारली तर असा दुखावला, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

"फुलं वज्जं करून कशापायी नेतासा?" तो म्हणाला. "हितंच उकळूया की. औंदाचं गुऱ्हाळ आजून लावायचं हाय. काहील घासून आरशागत केलीया. पयला मान तुमच्या पोरीच्या लुगड्याला!"

आमच्या वाचकांनी गुऱ्हाळ पाहिले असेल. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या त्या मोठ्या कढईत, हंगामाचा पहिला रस पडतो, त्याला तिथे फार मान. नारळ फुटतो, पहिला गूळ देवाला जातो. तो मान भरमूआप्पाने माझ्या भाचीला देऊ केला. त्याने काहिलीला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, उसाच्या चिपाडांचा जाळ केला. मी खोबरे खात, ऊस सोलत बसलो. उकळत्या झेंडूचा कडवट-गोड वास मळाभर पसरला. पाणी सोन्यासारखे झाले. परशाअण्णाने लडी आत सोडल्या.

काठीने वर काढल्या तेव्हा त्या हिरव्या होत्या. हिरव्या म्हणजे पोपटीही नव्हेत, विहिरीच्या पायरीवर शेवाळ असते तशा. आणखी ढवळल्या तर आणखी काळवंडल्या.

काहील लोखंडाची होती. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळे होते. शाई तशीच करतात आणि मी स्वतः म्हाताऱ्यांच्या केसांना लावायचा कलपही तसाच करतो! पण ऊस खाताना माणसाला शास्त्र आठवत नाही. माझा स्वभाव तापट. मी भरमूआप्पाला नाही नाही ते बोललो. तो एवढा मोठा गडी, पण काहिलीपाशी मान खाली घालून बसला. "मान द्याया गेलो आन् घाण केली," एवढेच म्हणाला. मग मला माझीच लाज वाटली. बांधावर एक फूल उरले नव्हते.

पुन्हा शहापूर

आक्काने लडी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "रंगाला लोखंड लावायचं न्हाय, हे बी सांगावं लागतंय व्हय रं परशा?" परशाअण्णाचे सारे आयुष्य डब्यातल्या रंगावर गेलेले. त्याला कोण सांगणार? भरमूआप्पाही आमच्या मागोमाग आला होता. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता, म्हणून दारातच उभा. दुसऱ्या दिवशी परशाअण्णाने आणि त्याने आजूबाजूचे मळे पालथे घातले. शेवंती होती, पण झेंडू नाही. माझ्या डोळ्यांपुढे यमू पांढऱ्या लुगड्यात दिसू लागली.

संध्याकाळी भरमूआप्पा तसाच दारात उभा असताना त्याचे डोके वरच्या तोरणाला लागले आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या त्याच्या खांद्यावर पडल्या. त्याने त्या चिमटीत धरल्या, तोरणाकडे पाहिले, समोरच्या घराच्या तोरणाकडे पाहिले. "आक्का," तो चाचरत म्हणाला, "झेंडू हाय की. दारोदार हाय."

आमच्याकडे दसऱ्याचे तोरण चार दिवसांत उतरते आणि कृष्णेत जाते. या पेठेत खंडेनवमीला मागाची पूजा होते, मागाला आणि दाराला झेंडू बांधतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला हात लावत नाहीत. मग ते तळ्यात सोडायचे. ते देवाचे झाले, निर्माल्य झाले. निर्माल्यावर पाय पडू देत नाहीत, ते चुलीवर कसे चढवणार? आणि त्याचे लुगडे करून नवरीला कसे नेसवणार? एका अपशकुनातून सुटायला मी आलो होतो, आणि हा दुसरा समोर उभा राहिला.

आक्का उठली. गुडघ्यावर हात रोवत मागापाशी गेली आणि तिने धोट्याला हात लावून नमस्कार केला. मग वळून मला म्हणाली, "निर्माल्याचं काय करत्यात, अण्णा?"

"पाण्यात सोडतात," मी म्हटले.

"मग पान्यातच सोडू की. पानी गार का ऊन, द्येव काय इचाराया येत न्हाय." आणि सुनेला म्हणाली, "पेठंत सांगून ये गं. तुळशीचं लगीन आमी औंदा आगूदर लावतोय म्हणावं."

त्या रात्रीपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी जे पाहिले ते मी विसरणार नाही. एकेक बाई आपल्या दाराचे, आपल्या मागाचे तोरण पदरात घेऊन येत होती. मी कोण, कुठला, यमू कोण, त्यांना काही ठाऊक नव्हते. एवढेच कळले होते, की एका पोरीला डागावरून बोलतात आणि दुसरीला बोलू द्यायचे नाही. कोणी एक माळ आणली, कोणी पाच. एक म्हातारी तोरण सुपात घालता घालता म्हणाली, "आमच्या दाराचं हाय. पोरीला म्हणावं, तुझं बी दार उघडं ऱ्हावूंदे." मी वैद्य, लोकांच्या नाड्या पाहतो. त्या दिवशी माझीच नाडी मला आवरत नव्हती.

या खेपेस भांडे तांब्याचे, आतून कल्हई केलेले. सूत नवे, पुन्हा हिरड्यात आणि तुरटीत मुरवलेले. आक्काने तोरणांच्या सुतळीचा एक धागाही पायाखाली पडू दिला नाही. वाळकी फुले उकळत्या पाण्यात उमलल्यासारखी फुगली. वाफेने आक्काचे मनगट भाजले, तेव्हा मी परसातल्या फुले सरलेल्या झेंडूच्या रोपाचा पाला वाटून त्यावर बांधला. दाह उतरला तशी ती म्हणाली, "रंग आमचा, पाला तुमचा. एकाच झाडाचं खातोय की आपुन!" उकळून उरलेला चोथा तिने तुळशीच्या मुळाशी घातला.

लडी बाहेर आल्या. मी काय सांगू? कारळ्याच्या शेतावर सकाळचे ऊन पडावे, तसा तो रंग होता.

लुगडे मागावरून उतरेपर्यंत मी तिथेच राहिलो. दिवसा पेठेतल्या लोकांना औषधे दिली आणि प्रत्येक घरी जेवलो. एका घरी मांडे झाले. सूपभर पसरट, कागदाहून पातळ, आत पिठीसाखर. आयुष्यभर मनातले मांडे खाल्ले, खरे तिथे खाल्ले.

निघायच्या दिवशी मी चुन्याची डबी काढली. आक्काने माझा हात धरला. "हितं न्हाय. माझ्या शब्दावर न्या. चुना लावायचाच आसंल तर ज्या बाईनं डाग बघिटला तिच्या म्होरं लावा." मी म्हटले, आणि तिथे उलटला तर? ती म्हणाली, "एवड्या दारांचं तोरण खोटं ठरंल व्हय, अण्णा?" मी डबी खिशात घातली.

वेशीवर भरमूआप्पा निरोपाला उभा होता. डोक्यावर शेवाळी रंगाचे नवे कोरे मुंडासे. काहिलीतल्या त्या सुताचे त्याने परशाअण्णाच्या भावाकडून विणून घेतले होते. "गुऱ्हाळाचा रंग हाय," तो म्हणाला. "डोस्क्यावर आसला म्हंजी पुन्यांदा चूक व्हायची न्हाय." मी त्याला मिठी मारली, आणि मी सहसा कोणाला मिठी मारणारा माणूस नव्हे.

घरी

परतीच्या वाटेवर डबी खिशात टोचत होती. हात कितीदा शिवशिवला, पण शब्द दिला होता. घरी आल्यावर सगळी हकीकत ताईला सांगितली. गोदू लग्नासाठी आली होती. ती खांबाला टेकून ऐकत होती.

लग्नाच्या दिवशी यमू ती अष्टपुत्री नेसून बोहल्यावर चढली आणि मांडवातल्या बायका रंगाकडे पाहत राहिल्या. गोदूच्या सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "रंग छान आहे. टिकला म्हणजे बरे."

अक्षता पडल्या. जेवणे झाली. पानाचे तबक फिरू लागले. मी उठणार, एवढ्यात गोदू उठली. तबकातला चुना तिने बोटावर घेतला, यमूपाशी गेली आणि भर मांडवात, सासूबाईंच्या समोर, यमूच्या पदरावर बोट टेकले. ताईच्या तोंडून "अगं!" एवढेच निघाले. गोदूने बोट काढले नाही.

मग काढले. चुन्याखालचे सूत जरासे गडद झाले होते. पण पिवळेच होते.

सासूबाई पुढे झुकल्या. त्यांनी अंगठ्याने चुना पुसला, पदर उजेडात धरला, पुन्हा पुसला. मग गोदूकडे पाहिले. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्याकडे असे पाहिल्याचे मला आठवत नाही. "म्हणजे तेव्हाची ती हळदच होती गं," त्या हळू म्हणाल्या. एवढे बोलून त्यांनी तबक ओढले, त्याच चुन्याचे बोट पानाला लावले, कात घातला, सुपारी घातली, विडा केला आणि आपल्या हाताने गोदूपुढे धरला.

गोदूने तो सगळ्यांसमोर खाल्ला. तिचे ओठ लाल झाले, आणि त्या लालीला कोणी काही म्हटले नाही.

शहापूरच्या त्या पेठेत यंदा तुळशीच्या लग्नानंतर तळ्यात सोडायला एकही तोरण उरले नव्हते.